रात्रीतून बॅटरी कोण पितं?

५ जानेवारी
आज पुन्हा तेच. चावी फिरवली, डॅशबोर्डचे दिवे मंदावले, सेलनं, म्हणजे स्टार्टरनं, एकदा घुर्र केलं आणि मग नुसती टकटक. जीप गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली. सासूबाईंनीही पदर खोचून हात लावला. म्हणाल्या, "माय, गाडी हाय का म्हातारी म्हैस? रोज उठवा लागून राहिली."
औंढ्यात सगळे हसले. जनावरांची डॉक्टर, आणि स्वतःची गाडी उठेना.
बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट बुरशी. गरम पाणी, खायचा सोडा, जुना ब्रश. घासून आवळून टाकलं. संध्याकाळी एका दमात लागली. बघू.

७ जाने.
नाही. टर्मिनलच्या बुरशीचं निमित्त नव्हतं.
धक्का मारून चालू केली, तशीच हिंगोली. रफिकभाईंकडे. गाडीच्या वायरिंगला हात फक्त त्यांचाच. सेल मारताना मीटर लावला, व्होल्ट एकदम नऊच्या खाली. "बॅटरी मेली मॅडम. उमर झाली तिची." पटलं. नवी टाकली. येताना गाणी म्हणत आले.
संध्याकाळी नवऱ्याचा, सुधीरचा फोन, पुण्याहून. ओळखीच्या दवाखान्यात जागा निघालीय. कुत्री, मांजरं, एसी. "मुलाखत नावालाच आहे गं. ती जीप विकून टाक आता. एकटी कुठं कुठं धक्के मारत फिरणार?"
मी म्हटलं, नवी बॅटरी टाकलीय.
हे काय उत्तर झालं?

१० जाने.
लिहावंसं वाटत नाही.
दिवस उगवता मुंजाजीचा फोन. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडेची वस्ती, काळ्या चिखलाची वाट, फोर-व्हीलशिवाय चाक हलत नाही तिथं. पहिलारू म्हैस विताना अडली होती. "लवकर या मॅडम, पायच दिसून राहिले नुसते."
चावी फिरवली. टक. नवी बॅटरी! परत. टक.
गल्लीत ढकलायला कुणी नाही. शेजारच्यांच्या मोटारसायकलवर चिखलापर्यंत, पुढं बॅग डोक्यावर घेऊन पायी. चपला तिथंच सोडल्या.
म्हैस वाचली. रेडकू ओढून काढलं तेव्हा गेलेलं होतं. मुंजाजीची बायको कावेरी म्हशीच्या तोंडावरून हात फिरवत बसलेली, माझ्याकडं बघेना. मुंजाजीनं हात धुवायला पाणी ओतलं. "तुमचा काय दोष? मशीनच ती." मग तांब्या खाली ठेवत, "लवकर आलते तर वाचलं असतं का वो?"
खोटं बोलायला हवं होतं. "व्हय," म्हटलं.

११ जाने.
इंजिन बंदच करत नाही. गोठ्यापुढं धडधडत उभी ठेवते, गायी बुजतात. बंद करावीच लागली तर आधी उतार शोधते. जेवताना उठून दोनदा चावी फिरवून आले. सासूबाई, "काहून येरझाऱ्या घालून राहिली? बस की."
बसवत नाही.

१३ जाने.
पुन्हा हिंगोली. बॅटरी भरलेली असताना सेल मारायला लावला आणि रफिकभाईंनी तारेची एकेक जागा तपासली. इंजिनची अर्थिंगची तार आतून सडलेली, धरणाच्या पाण्यातून गाडी घालते ना मी. बदलली. सेल आता झपकन फिरतो. चार्जिंग बघितलं, चौदाच्या वर. "डायनॅमो बराबर हाय. आता टेन्शन नको."
टेन्शन नको म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते हल्ली.

१५ जाने.
मुद्दाम दोन दिवस गाडी हलवली नाही. व्हिजिटा मोटारसायकलवर. ठेवताना बॅटरीत साडेबारा व्होल्ट होते, आज साडेअकरा. तार नवी, बॅटरी नवी. म्हणजे गाडी उभी असतानाच कायतरी पीतंय.
मुंजाजीचा फोन नाही. म्हशीला ताप असेल तर? आपणच लावला. कावेरीनं उचलला. "बरी हाय. दुसरे डॉक्टर येऊन गेले." ठेवला.
बरं झालं म्हशीचं. हे स्वतःला तीनदा सांगितलं.

१६ जाने.
रफिकभाई कुणाच्या तरी ट्रॅक्टरसाठी औंढ्याला आलेले, त्यांना घरी घेऊन आले. चावी काढली, बॅटरीची एक तार सोडून मधे मीटर जोडला. सगळं बंद असून पाऊण अँपिअर वाहतंय! ते एकेक फ्यूज उपटत गेले, मी आकडा वाचत गेले. हॉर्न, दिवे, पंखा. आकडा जागचा हलेना. शेवटचा फ्यूज काढला तरी तोच.
दोघंही मडगार्डला टेकून चहा प्यायलो. मी विचारलं, फ्यूजमधून न जाणारी जाड तार कुठली? सेलची, आणि डायनॅमोची. ते म्हणाले, "पण डायनॅमो तर चार्ज करून राहिला ना."
तरी सोडली ती तार. आकडा जवळजवळ शून्यावर.
"या अल्ला," रफिकभाई कपाळाला हात लावून म्हणाले. "दिवसा भरतो अन् रातभर पितो!" करंट उलटा जाऊ न देणारा आतला डायोड फुटका. दोघांनीही त्याला चांगला म्हणून सोडून दिला होता.
मी एकदम रडायलाच लागले. त्यांनी तिकडं तोंड करून पाने-पक्कड पुसत बसल्यासारखं केलं. रेडकू दहा तारखेला गेलं. ही तार सात तारखेलाही सोडता आली असती.

१८ जाने.
डायनॅमो दुरुस्त होऊन बसला. सुधीर आला. आल्या आल्या गाडीभोवती फिरला. मुलाखत सोमवारी. त्यानं माझ्या वतीनं हो कळवून टाकलंय. भांडले. मग त्याला मीटर कसा जोडतात ते दाखवत बसले. तो म्हणाला, "किती दिवसांनी तू अशी बोलतेयस." चांगलं म्हणून म्हणाला की वाईट, कळलं नाही.

१९ जाने.
सकाळी टेकडीवरच्या तांड्यावरून फोन, गायीचं पोट फुगलंय, आडवी पडलीय. बॅग भरताना सुधीर म्हणाला, "येऊ का मी?"
गाडी एका सेलमध्ये लागली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी आरशात बघितलं.
गाय उठली. पोटातला वायू काढायला नळी घातली तेव्हा सुधीरनंच शिंगं धरली होती, शर्ट शेणानं भरला. तांड्यावरच्या म्हातारीनं त्याला काळा चहा दिला आणि माझ्याकडं बोट करून विचारलं, "ही आमची डॉक्टरीण तुमची व्हय?"
उतरताना दगडांवर गाडी आपटत होती. त्यानं वरचा दांडा घट्ट धरलेला.
"उद्याच्या मुलाखतीचं काय सांगू त्यांना?"
पुढं नाला होता. मी फोर-व्हील टाकलं आणि पाणी किती आहे ते बघायला मान बाहेर काढली.