माझ्या नावाचं कार्ड

१२ फेब्रुवारी २००७
सईचे शाळेचे बूट घ्यायला अंबत्तूरला गेलो. क्रेडिट कार्ड चाललं नाही. दुकानदाराने दोनदा घासून बघितलं, मग हळूच तमिळमध्ये विचारलं, "कॅश इरुक्का, मा?" कॅश नव्हती. बूट परत खोक्यात. सई आठ वर्षांची, हट्ट करायला हवा होता. केला नाही. तेच जास्त लागलं.
घरी येऊन बँकेला फोन. कार्डावर नाव माझं, पण ते नवऱ्याच्या, मिलिंदच्या कार्डाला जोडलेलं. मूळ कार्डवाला वारला की हेही बंद. मि. डिसेंबरात गेला. मृत्यूचा दाखला मीच पाठवला होता त्यांना.

१९ फेब्रु.
मि.च्याच कारखान्यात, इरुंगाट्टुकोट्टैला, मला स्टोअर्समध्ये घेतलंय. कंपनीची बसही तीच, तो जायचा ती. त्याच्या सीटवर अजून कोणी बसत नाही. मीही नाही.
अर्धी रजा टाकून बँकेत. नवीन कार्ड नामंजूर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची क्रेडिट हिस्टरीच नाही." म्हटलं, आजवर कोणाचा रुपया बुडवला नाही. "पण घेतलाही नाही ना कधी." टोमणा नव्हता, साधंच सांगत होती. स्कूटर, फ्रिज, सगळे हप्ते मि.च्या नावावर. चेक नेऊन टाकायचे मी. ते कुठे लिहिलेलं असणार?

३ मार्च
वसुलीवाल्याचा फोन. मि.च्या कार्डावर एकाहत्तर हजार. एकाहत्तर! "तुम्ही भराल असं लिहून द्या, नाहीतर तुमचंही नाव खराब होईल." हो म्हणून बसले. सोमवारी सही घ्यायला येतो म्हणाला.

५ मार्च
सही करण्याआधी बँकेत विचारायला गेले, बरं झालं. तिथल्या सुंदराबाईंनी आत बोलावलं. तंजावरकडच्या मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडच्याच. "सही कोठेंही करूं नको, मा. कर्ज त्याचें. त्यानें मागें ठेविलें त्यांतून फिटेल तेवढें फिटेल. तुजवर नाहीं." मि.च्या खात्यात नव्वद हजारांच्या आसपास आहेत. त्यातूनच भरायचे. तो गेल्यानंतरचं व्याज माफ करायला सांगायचं, बाकी नाही असं पत्र घ्यायचं.
घरी जुनी स्टेटमेंटं काढली. अकरा महिने तो फक्त मिनिमम, म्हणजे बिलाचा थोडासाच भाग, भरत होता. महिन्याला जवळपास तीन टक्के व्याज. मोठा खर्च एकच: पुण्याचं हॉस्पिटल. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. आम्हाला सगळ्यांना म्हणाला होता, कंपनीने दिले.
का रे नाही सांगितलंस.

२८ मार्च
भरले. पत्र मिळालं. व्याज वजा होऊन पासष्ट हजार. खात्यात पंचवीसेक हजार उरले, तेवढेच.
साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. कर्जाचं त्यांच्या कानावर गेलं होतं. "कसलं गं एवढं कर्ज? तुझ्या हौशी पुरवता पुरवता गेला माझा मुलगा." ऑपरेशनचं काढलं नाही. सांगितलं असतं तर त्या पायावर पुन्हा उभ्या राहिल्या असत्या का, कोण जाणे.

२१ एप्रिल
सुं.बाईंच्या सांगण्यावरून त्याच पंचवीस हजारांची मुदतठेव केली, त्या ठेवीच्या तारणावर माझ्या नावाचं कार्ड. मर्यादा वीस हजार.
मॉलच्या दारात एकजण गोल्ड कार्ड गळ्यात मारत होता, वर बॅग फुकट. दुसऱ्या वर्षाची फी किती, व्याज किती, विचारत राहिले. व्याज काही सांगेना. निघाले. पूर्वीची मी बॅग घेऊन आले असते.
ठरवलंय: फोन, किराणा, सईची पुस्तकं. पाच हजारांच्या वर नाही. तारखेच्या आठवडाभर आधी, पूर्ण. मिनिमम कधीच नाही. दुसरं कार्ड नाही.

९ जून
पहिलं बिल, तेराशे चाळीस. भरलं. सांगायला म्हणून मोबाइलमध्ये मि.चा नंबर काढला, आणि मग

१४ ऑगस्ट २००८
एकही तारीख चुकली नाही. क्रेडिट रिपोर्ट मागवला, स्वच्छ आला. अंबत्तूरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी कर्जाचा अर्ज टाकला. सुं.बाई निवृत्त झाल्या. नवे साहेब म्हणाले, "रेकॉर्ड चांगला आहे. पगार मात्र कमी. बघू."

३० ऑगस्ट
सासूबाई आल्यात. दुपारी जेवताना फ्लॅटचा विषय निघाला. "परत कर्ज? एकाचं काढून पोट नाही भरलं?" सईसमोर. मग राहवलं नाही. सगळं सांगितलं. हॉस्पिटल, अकरा महिने, व्याज.
ताटावरून उठल्या नाहीत, जेवल्याही नाहीत. म्हणाल्या, "मला सांगायचं ना त्याने. काठी घेऊन चालले असते मी."
"म्हणूनच नसेल सांगितलं."
रडल्या. मला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

६ सप्टेंबर
बँकेचं अजून काही नाही. तिसऱ्यांदा फोन केला, साहेब मीटिंगमध्ये.
संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, फ्लॅट दाखव. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कठड्याला धरून चढल्या, एकदाही थांबल्या नाहीत. वर कुलूप. बंद दारासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "वैशाली, इथे मला ठेवशील?"
म्हटलं, आधी कर्ज तर मंजूर होऊ दे.
हे उत्तर नव्हतं, त्यांनाही कळलं. उतरताना मी हात पुढे केला. त्यांनी कठडाच धरला.