साक्षीतून गाळलेलं

जुईनगर,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय नंदाताई,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुझे फोन येत होते, मी उचलले नाहीत. आजारी वगैरे नाही. गुडघा तेवढा जिना चढताना कुरकुरतो. हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, आणि मला रडू आलं असतं.

इकडे नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झालीय. रविवारी उपासनेला अजून तोच शाळेचा हॉल. आधी बाक सरकवायचे, मग जागेवर लावायचे. शब्बाथशाळेतल्या पोरांना नाटकात मेंढरंच व्हायचंय, मेंढपाळ व्हायला कुणी तयार नाही. माझा वर्ग सध्या मालतीबाई घेतात. नवे पाळकसाहेब मला म्हणाले, "ताई, थोडी विश्रांती घ्या." मी थकले असं मी कुणालाच म्हटलं नव्हतं.

लग्न होऊन आले तेव्हा शास्त्र म्हणजे रविवारी ऐकायचं, एवढंच मला ठाऊक होतं. वाचायला तू शिकवलंस. तू ऐरोलीला राहायला गेलीस तरी आपला गुरुवार चुकला नाही. माझ्या स्वयंपाकघरात, कुकर उतरवून, एकेक ओळ सावकाश वाचायची. मग गप्प बसायचं. मग कुठला शब्द टोचला ते सांगायचं. "आवडलेला नको सांगूस, शर्मिला. टोचलेला सांग," म्हणायचीस. कमळाकर गेल्यावर मी त्या टेबलाशी बसूनच उभी राहिले. हे मी नाकारणार नाही. नाकारता आलं असतं तर इतकं लागलं नसतं.

तर आता लिहितेच.

बहिणींच्या मेळाव्यात व्यासपीठावरून दिलेली तुझी साक्ष मला निखिलने दाखवली. त्याच्या सासूबाईंच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. मी पोळ्या लाटत होते. माझा मुलगा ओट्याशी फोन धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, हे पप्पांबद्दल आहे का?"

नाव तू घेतलं नाहीस, खरंय. पण वर्षानुवर्षं व्यासपीठावरून शास्त्रपाठ वाचणारा, गेल्या पावसाळ्यात कॅन्सरने गेलेला पंच आपल्या मंडळीत दुसरा कोण होता? तू म्हणालीस, "आयुष्यभर वाचलं, पण मुळं खोल गेली नव्हती. शेवटच्या घडीला त्या भावाने प्रभुभोजनाचा प्याला हाताने सारला." बायका हळहळल्या. तू थांबून डोळे पुसलेस. मग म्हणालीस, "बहिणींनो, आपापली मुळं तपासा." टाळ्या पडल्या. निखिलने फोन खाली ठेवला.

"तू तर म्हणालीस, पप्पा झोपेत गेले."

तसं मी सगळ्यांनाच सांगितलं होतं. कमळाकरांनीच तसं मागितलं होतं. "मी घाबरलोय हे पोराला कळू देऊ नकोस," म्हणाले होते. हेही तुला माहीत होतं. प्याला घेऊन आलेले जुने पाळकसाहेब बदली होऊन गेले, पण त्यांनी कुठे ब्र काढला नाही. त्या खोलीतलं मी फक्त तुला सांगितलं.

मग निखिलला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. पप्पांनी प्याला सारला, चादरीवर डाग पडला. म्हणाले, "पुस्तक मिट शर्मिला. मला काही ऐकू येत नाही. तिकडे कुणी नाहीये." मी पुस्तक मिटलं. पाळकसाहेब गेले. दुपारभर मी ते पुस्तक मांडीवर घेऊन बसले. ऊन कलल्यावर तेच म्हणाले, "वाच ना."

मी म्हटलं, "ऐकू येत नाही म्हणालात."

"नाहीच येत. तरी वाच. तुझ्या आवाजात असू दे."

मी वाचत राहिले. वाचता वाचता त्यांना झोप लागली, त्या झोपेतून ते उठले नाहीत. म्हणजे झोपेत गेले हे काही अगदीच खोटं नव्हतं.

ताई, हे तुला मी तुकड्यातुकड्यांनी नव्हतं सांगितलं. एका बैठकीत सांगितलं, आणि माझे हात धरून तूही रडलीस. मेळाव्याला जाताना मात्र तू त्यातला प्याला तेवढा उचललास. "तरी वाच" हे तिथे सांगितलं असतंस तर टाळ्या पडल्या नसत्या. व्यासपीठावर कमळाकरांचा आवाज भरदार लागायचा, एवढंच मी इतकी वर्षं पाहिलं. त्यांचा विश्वास मी पाहिला तो त्या संध्याकाळी. आणि तू त्यांना मुळं नसलेलं झाड करून टाकलंस.

तुझा मेसेज वाचला. "नाव कुठे घेतलं? प्रभूच्या गौरवासाठीच सांगितलं." मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात "चुकलं" हा शब्द सापडेना.

निखिल माझ्यावरही रागावला. मुलापासून लपवायची काय गरज होती, म्हणाला. काही दिवस फोनही केला नाही. मग रविवारी आपणहून आला आणि माझ्या शेजारी बसला. एरवी तो नाताळलाच येतो. उपासना झाल्यावर मालतीबाई म्हणाल्या, "तुमच्या घरासाठी प्रार्थना करतोय हं." निखिल काही बोलणार हे पाहून मी त्याचा हात दाबला आणि सरळ पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, "माझ्या नवऱ्याचं काय झालं ते मला विचारा. मी तिथे होते." त्यांना सगळं सांगितलं. वर्गाचं कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. बघू.

गुरुवारी तू येऊ नकोस. हल्ली निखिल ऑफिस सुटलं की येतो. मी वाचते, तो ऐकतो. डोळे मिटत नाही, आमेन म्हणत नाही. मागच्या वेळी मध्येच म्हणाला, "थांब, हे परत वाच." मी परत वाचलं. का, ते विचारलं नाही.

माझ्यासाठी प्रार्थना करतेस असं लिहिलंयस. कर. पण दार लावून कर, आणि बाहेर आल्यावर कुणाला सांगू नकोस.

खाली "तुझी मैत्रीण" लिहायला हात धजत नाही. बहिणी आपण प्रभूमुळे झालो. ते मोडणं माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही.

ख्रिस्तातील बहीण,
शर्मिला