उगवतीच्या वेशीलाही फलक मिळणेबाबत

प्रति,
मा. स्मारक संरक्षण अधिकारी साहेब,
जुन्या वास्तूंचे विभागीय कार्यालय यांचे सेवेशी.

अर्जदार : सहदेव रामजी वायाळ, वय ६१, धंदा शेती, माजी लिपिक, ग्रामपंचायत निमखेड (दोन वेशींचे), ता. सिंदखेड राजा, जि. बुलडाणा.

विषय : मौजे निमखेड येथील उगवतीची वेस संरक्षित म्हणून जाहीर करणेबाबत, तसे न झाल्यास मावळतीच्या वेशीचा फलक काढून घेणेबाबत.

संदर्भ : १) माझा गेल्या दिवाळीतील अर्ज. २) त्यास आपल्या कार्यालयाचे उत्तर, ज्यात "समान स्वरूपाची वेस त्याच गावात यापूर्वीच संरक्षित असल्याने विनंती विचारात घेता येत नाही" असे कळविले आहे.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, आमच्या गावास दोन दगडी वेशी आहेत. गावाचे नावच 'दोन वेशींचे निमखेड' असे असून सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर आणि एसटीच्या पाटीवर ते तसेच लिहिले जाते. एक वेस उगवतीस, माझ्या घरासमोर. दुसरी मावळतीस, श्री. गुलाबराव मेहेत्रे यांच्या घरासमोर. दोन्ही एकाच काळ्या दगडाच्या, एकाच उंचीच्या. फरक असलाच तर असा की, माझ्या वेशीच्या कमानीवर दोन हत्ती कोरलेले आहेत आणि गुलाबरावांच्या वेशीवर एक कमळ आहे. हत्ती कोरणे अवघड की कमळ, हे आपण जाणताच.

२. आपल्या पत्रातील "समान स्वरूपाची" हे शब्द वाचून मला बरे वाटले. त्यापुढचे वाचून बरे वाटणे थांबले. समान आहे तर तिला फलक का नाही? आणि समान नाही, सरस आहे, असे म्हणावे तर आपल्या साहेबांनी ती पाहिलेलीच नाही.

३. न पाहण्याचे कारण नम्रपणे नमूद करतो. तीन वर्षांमागे आपल्या कार्यालयाचे साहेब सिंदखेड राजा येथील काम आटोपून परत जाताना त्यांची जीप मावळतीच्या वेशीपाशी पंक्चर झाली. गुलाबरावांनी खाट टाकली, चहा केला, आणि चाक दुरुस्त होईपर्यंत त्यांना कमळ दाखवले. पुढे साहेबांनी स्वतःच विचारले, दुसरी वेस कुठे आहे? ते चालत आमच्या बाजूस आलेही. परंतु मी त्या दिवशी पहाटेपासून देऊळगाव राजा येथे बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीसाठी रांगेत उभा होतो. त्या हंगामात बियाण्याची कशी ओढाताण होती हे साहेबांस ठाऊक असेलच. रांगेला पोलीस होते. मी घरी असतो तर गोष्ट वेगळी झाली असती.

४. दुसरे कारण असे की, वेशीच्या दोन्ही देवड्यांत आणि कमानीपर्यंत माझ्या शेतातील पऱ्हाट्या रचलेल्या होत्या. कापूस निघाल्यावर उरलेली झाडे आमच्याकडे जळणासाठी उपटून आणतात आणि सावलीची, कोरडी जागा म्हणून वेशीत लावतात. वडिलांच्या काळापासून तसेच चालत आले आहे. त्या वर्षी बीटीचे पहिले पीक निघाले होते, झाडे पुरुषभर वाढली होती, म्हणून गंजी हत्तींच्या कानापर्यंत गेली. साहेबांना पऱ्हाट्या दिसल्या, हत्ती दिसले नाहीत. त्यांनी "इथे काही नाही" असे लिहून नेले. तरी पऱ्हाट्यांमुळे झालेला निर्णय वेशीच्या नावावर टाकू नये.

५. मावळतीच्या वेशीस निळा फलक लागल्यापासून गावात काय चालले आहे ते कळविणे माझे कर्तव्य आहे. तिच्याभोवती, वाट तेवढी सोडून, साखळीचे कुंपण आले. दोन बाजूंना दोन दिवे आले. खाली फरशी आली. शाळेतील मुलांना "आमच्या गावातील वास्तू" असा निबंध येतो आणि मुले बेशक फक्त कमळाबद्दल लिहितात. पुण्याहून एक विद्यार्थिनी आली, दोन दिवस कमळाचे चित्र काढत बसली आणि जेवली गुलाबरावांकडे. लग्नपत्रिकेत पूर्वी "दोन्ही वेशींच्या मधोमध मांडव" असे छापत. आता "संरक्षित वेशीजवळ" असे छापतात. माझ्या सख्ख्या पुतण्याच्या पत्रिकेतही तसेच छापले आहे.

६. इतकेच नव्हे, माझी पत्नी सौ. गोजरबाई या दळण घेऊन जाताना आता आमची वेस सोडून मावळतीच्या वेशीतून वळसा घालून जातात. मी हरकत घेतली असता त्यांनी दिलेला जबाब जसाच्या तसा लिहितो : "तिकडून उजेड हाये, वाट चांगली हाये. इकडून येताना म्या तुमच्या हत्तीकडे पाहू का पायाखाली पाहू?" ज्या वेशीतून त्या नवरी म्हणून गावात आल्या त्या वेशीबद्दल हे बोलणे आहे. सरकारी भाषेत माझ्या मनातल्या या गोष्टीस काय म्हणतात हे मला ठाऊक नाही. आमच्याकडे तिला जळणे म्हणतात. मी जळतो. रोज सकाळी दात घासताना मला समोर माझी वेस दिसते आणि गल्लीच्या टोकाला गुलाबरावांचा निळा फलक दिसतो, आणि मी जळतो. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हे शोभत नाही हे मला घरात रोज सांगितले जाते, सबब आपण पुन्हा सांगू नये.

७. यावर उपाय म्हणून खालील पर्याय सुचवितो. (अ) माझ्या वेशीसही फलक द्यावा. (आ) फलक शिल्लक नसल्यास आहे तोच फलक सहा महिने त्यांच्याकडे व सहा महिने माझ्याकडे ठेवावा. पावसाळा त्यांना द्यावा. (इ) साहेबांनी पुन्हा एकदा आमच्या बाजूने यावे. जीप पंक्चर होण्याची व्यवस्था मला करता येत नाही, परंतु रस्ता तसाच आहे. (ई) यांपैकी काहीच शक्य नसल्यास मावळतीच्या वेशीचा फलक, साखळी, दिवे व फरशी काढून दोन्ही वेशी पूर्ववत समान कराव्यात. माझी मुख्य भिस्त (ई) वर आहे.

८. हा अर्ज तातडीने करण्याचे कारण आता सांगतो. गेल्या महिन्यात ग्रामसभेने उगवतीची वेस पाडण्याचा ठराव केला. जालन्याच्या व्यापाऱ्याचा ट्रक गावात कापूस भरण्यास येतो आणि भरून निघाला की कमानीस घासतो. मागील हिवाळ्यात घासलेला कापूस हत्तीच्या सोंडेला अजून चिकटलेला आहे. मी सभेत उभा राहून विरोध केला. सरपंच सौ. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "एक वेस सरकारनं ठेवली ना, भाऊ? मंग दुसरीचं काय लोणचं घालता?" सभा हसली. आपल्या कार्यालयाचे पत्रही हेच म्हणते, फक्त लोणच्याचा उल्लेख करीत नाही. पोळ्याची कर उरकली की दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार आहे. पोळा येत्या मंगळवारी, ११ तारखेस आहे.

९. पोळ्याबद्दल साहेबांस माहिती असावी. आमच्या गावाचा पोळा पिढ्यानपिढ्या उगवतीच्या वेशीत भरतो. कमानीला आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात, सगळ्या गावाचे बैल सजून मागे उभे राहतात आणि तोरणाखालून पहिली जोडी जाते ती वायाळांची. दुसरी मेहेत्र्यांची. माझे वडील पुढे, गुलाबरावांचे वडील मागे. आम्ही दोघे चौथीत एका बाकावर बसत होतो तेव्हाही पोळ्याच्या दिवशी मी पुढे आणि तो मागे. या जगात गुलाबराव मेहेत्रे माझ्या मागे उभे राहतात असे तेवढे एकच ठिकाण शिल्लक आहे, आणि ते पाडण्याचा ठराव झालेला आहे.

१०. येथे एक गोष्ट लपविणे योग्य होणार नाही. बीटी कपाशी पहिल्या वर्षी भरून आली. नंतरची तीन वर्षे पाने लाल पडली, बोंडे किडली. गावात जे सर्वांचे झाले ते माझे झाले, त्याचा तपशील या अर्जात अप्रस्तुत आहे. चांद्या व मोऱ्या ही माझी जोडी यंदाच्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्याच्या बाजारात विकावी लागली. दावी विकली नाहीत. आमच्या रिवाजाप्रमाणे मानकऱ्याच्या दारात जोडी नसेल तर मान मागच्या घरी जातो. म्हणजे फलकही मेहेत्र्यांचा, दिवेही मेहेत्र्यांचे, आणि येत्या मंगळवारी पहिली जोडीही मेहेत्र्यांची. माझ्याच वेशीत, माझ्याच घरासमोर. यापेक्षा जेसीबी आधी आलेला बरा, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला.

११. येथवर अर्ज लिहून झाला असता श्री. गुलाबराव स्वतः माझ्या ओट्यावर आले. मी कागद झाकला. त्यांनी सांगितलेली हकिगत अशी की, वेस पडणार म्हणून यंदापासून पोळा मावळतीच्या वेशीत भरवावा असे काहींनी ठरवले आणि गुलाबराव त्यांच्यासह दोर घेऊन तोरणाची उंची पाहण्यास गेले. तेथील रखवालदार शकूरभाई पिंजारी, जे पूर्वी गावाच्या गाद्या भरीत व आता आपल्या कार्यालयाची शिट्टी वापरतात, त्यांनी शिट्टी वाजवून दोर खाली उतरवला. "गुलाबभाऊ, दोर नका लावू. फलकावर लिह्यलं हाये. माही नोकरी जाईन," असे ते म्हणाले. मी नंतर जाऊन फलक प्रथमच पूर्ण वाचला. खिळे ठोकणे, दोर बांधणे, जनावरे आणणे, गर्दी करणे यांस मनाई आहे. गुलाबरावांचा बैल कमळाच्या खांबाला खांदा घासतो तरी शिट्टी वाजते. मला हे ऐकून किती समाधान झाले ते लिहीत नाही.

१२. परंतु पुढे ते जे बोलले ते लिहिणे भाग आहे. "सहदेवभाऊ, तुमची वेस पाडू देऊ नका. माही वेस आता माही राह्यली नाही, तिले हात लावाची सोय नाही. ही बी गेली त तोरण काय आभायाले बांधाव?" मी म्हणालो, माझ्याकडे जोडी नाही, मान तुझा आहे, खूश हो. त्यावर ते म्हणाले, "जोडी माही राहीन. कासरा तुमच्या हातात राहीन. म्या मांगं चालतो." आणि आत जाऊन गोजरबाईंकडे पाणी मागितले. महोदय, मोठेपणा तेवढा माझ्याकडे उरला होता असे मी समजत होतो. तोही त्यानेच घेतला. मी पुन्हा जळलो, पण या वेळी नीट जळता आले नाही.

१३. सबब माझ्या विनंतीत खालीलप्रमाणे बदल करतो. कलम ७ मधील (ई) मागे घेतो. ते खोडलेले नाही, कारण खाडाखोड असलेला अर्ज आपल्याकडून परत येतो हा माझा लिपिक म्हणून अनुभव आहे. तरी ते न वाचल्यासारखे समजावे. उगवतीच्या वेशीस संरक्षण द्यावे, जेणेकरून जेसीबी परत जाईल. मात्र वर्षातून पोळ्याचा एक दिवस तिला कोणत्याही संरक्षणातून मोकळे ठेवावे. त्या दिवशी दोर बांधता यावा, जनावरे यावीत, गर्दी व्हावी, आणि रखवालदाराने शिट्टी घरी ठेवावी. नियमात असे बसत नसल्यास फलक नको. वेस पाडू नये असे एका ओळीचे पत्र ग्रामपंचायतीस पाठवावे, तेवढे पुरे. दिवे नकोत. गोजरबाईंसाठी एखादा दिल्यास हरकत नाही.

१४. पऱ्हाट्या मी आज सकाळी हलवल्या आहेत. हत्ती दोन्ही शाबूत आहेत. कापूस सोंडेवरून काढलेला नाही. आपले कोणी पाहण्यास आल्यास पुरावा म्हणून असू द्यावा.

मंगळवारच्या आत उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,

सहदेव रामजी वायाळ
अर्जदार क्र. १

गुलाबराव मेहेत्रे
अर्जदार क्र. २

निमखेड (दोन वेशींचे), दि. ३ सप्टेंबर २००७

सोबत : १) ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल. २) उगवतीच्या वेशीचे छायाचित्र, पऱ्हाट्या हलवल्यानंतरचे. ३) मावळतीच्या वेशीचे छायाचित्र जोडलेले नाही, ते आपल्या कार्यालयात असणारच.

ता. क. : माझ्या सहीच्या वर जी मोकळी जागा दिसते ती नजरचुकीने राहिलेली नाही. श्री. गुलाबराव यांची वेस सरकारमान्य असल्याने त्यांची सही वर असावी म्हणून मी ती जागा सोडली होती, आणि हे करताना मला किती जड गेले ते देव जाणे. त्यांनी पेन घेतला, जागा पाहिली आणि माझ्या खाली सही केली. म्हणाले, "पोयात म्या मांगं राह्यतो, मंग इथं पुढं काऊन जाऊ?" तरी ती जागा तशीच रिकामी राहू द्यावी.