रेडिओचं बटण मी नेलं आहे

जोतीराम,

मोटारीच्या रेडिओचं स्टेशन लावायचं बटण मी काढून नेलं आहे, शोधू नकोस. मालकांनी मला तो गाडी चालवताना वापरून बघायला सांगितला होता. आवाज नुसत्या हातानं कमी-जास्त होतो, पण स्टेशनासाठी काट्याकडे बघावंच लागतं. काल घाटात मी बघितलं. मान वर केली तर समोर जतचा मेंढक्या बिराप्पा. गाडीच्या धडकेनं त्याचा पाय मोडला. तरी म्हणतो, "आबा, गानं तरी लागलं का?"

मी त्याच्यापाशी दवाखान्यात आहे. मेंढरं आपल्या परड्यात कोंडली आहेत, पाणी दाखव.

आज माझ्याऐवजी तू गाडी नेशील, महाबळेश्वरचे पाहुणे गाणं मागतील. देऊ नकोस. तू मला अक्षरं शिकवलीस. मी तुला एवढंच शिकवलं होतं, की रस्त्यावरची नजर काढायची नाही.

आबा