उतरायचा सराव

अहो,

आज सकाळी आपल्या टॉवरची लिफ्ट बंद पडली आणि मी अकराव्या मजल्यावरून जिन्याने खाली आले. एकटी, कठड्याला हात न लावता! हे सांगायचं कुणाला? निखिलला फोन केला तर म्हणतो, "आई, प्लीज बी केअरफुल." मग तुम्हालाच लिहायला बसले.

आठवतो ना आपला सराव? तुम्ही स्लोव्हेनियाची ती पायी सहल बुक केलीत, तेव्हा मी नकाशावर देशच शोधत बसले होते. आल्प्स म्हणजे स्वित्झर्लंड, एवढंच मला ठाऊक. "तिथे सगळेच जातात," तुम्ही म्हणालात, "आपण ओळखीचं कुणी भेटणार नाही तिथे जाऊ." अजमानच्या दुकानात जन्मभर ओळखीच्यांना चहा पाजणारा माणूस हे म्हणतो!

बाहेर आखाती उन्हाने भाजून निघायला व्हायचं, म्हणून अल नहदातल्या आपल्या टॉवरचा हा जिनाच आपला डोंगर. पायांत कोरे बूट, पाठीवर सॅक, सॅकमध्ये वजनाला तांदळाची पिशवी. वर पोचलो की घाम पुसत लिफ्टने खाली यायचं आणि पुन्हा चढायचं. टॉवरच्या दाराशी राखणीला बसलेला आपला नातूर हसायचा. "अंकल, उतरना भी तो सीखो!" तुम्ही ऐटीत म्हणायचात, "हबीबी, उतरने में क्या सीखना? वो तो अपने आप होता है. यल्ला!"

आणि जूनमध्ये तुम्ही गेलात. चहा अर्धा कपात तसाच. असं कुणी जातं का हो?

मी जाणारच नव्हते. निखिल म्हणाला, कॅन्सल करू. मी हो म्हटलं. पण तुमच्या सॅकमधला तांदूळ बाहेर काढायला मला कितीतरी दिवस धीर झाला नाही. एका दुपारी काढला, भात लावला, वरण करून पोटभर जेवले आणि त्याला फोन केला.

"मी जातेय."

"अलोन? आई, आर यू शुअर?"

"अलोन कशी? गाईड आहे, सोबतीला सहा जण आहेत."

काय देश आहे, अहो! पहाटे तळ्यातून धुकं उठतं आणि सगळं गाव गिळून टाकतं. गाईंच्या घंटा ऐकू येतात, गाई दिसत नाहीत. शेतात लाकडी मांडवांवर गवत वाळत घातलेलं असतं, त्याचा गोडसर वास अंगाला लागतो. मी झोपेत चालतेय की जागी आहे, तेच मला कळेना.

माया नावाची आमची गाईड निखिलच्या वयाची. तिचा नियम असा, की सगळ्यात हळू चालणाऱ्याने तिच्या पाठोपाठ राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने. जन्मभर तुमच्या मागे धापा टाकत पळाले आणि तिथे चक्क पहिली! तुम्हाला शेवटी चालावं लागलं असतं. चिडला असतात ना?

तिसऱ्या दिवशी खिंडीत पोचलो. चहूकडे धुकं. मला वाटलं, तुम्ही मागच्या दगडावर बसून बुटातला खडा काढताय. इतकं खरं वाटलं, की वळून बघायचीही गरज वाटली नाही. किती बरं वाटत होतं! तेवढ्यात माया म्हणाली, आता उतरायचं. पाय हलेनात. मी उतरले तर तुम्ही वरच राहाल, असं वाटत होतं.

"माय हजबंड इज हिअर," मी तिला सांगितलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. शेजारी बसली. "डझ ही वॉक फास्ट?"

"व्हेरी फास्ट."

"देन ही विल कॅच अप."

मग तिने मला उतरायला शिकवलं. गुडघे सैल, पावलं छोटी, नजर दरीकडे नाही, तिच्या टाचांवर. मी रडत रडत उतरले. उतरले पण!

तुमचं चुकलंच हो. ते आपोआप होत नाही.

दुपारी लिफ्ट सुरू झाली. तरी तुम्हाला शब्द देते, रोज लिफ्टने वर जाईन आणि जिन्याने खाली येईन, माझ्या चालीने. जिन्यात थांबून तुमची वाट बघणार नाही. तुम्ही भराभर चालता, गाठाल मला.

तुमची,
आता पुढे चालणारी
सुमन