चौदा मुलं, सगळी हजर

१ सप्टेंबर, रविवार
आजपासून माझा संडेस्कूलचा वर्ग फोनवर. परळची चाळ पाडली, बिऱ्हाडं विरार, पनवेल, डोंबिवलीला पांगली. माझगावच्या चर्चमध्ये रविवारी पोरं आणणार कोण? पाळकसाहेब म्हणाले, बेबीबाई, नाताळपर्यंत बघू. मुलं टिकली तर वर्ग तुमचा, नाहीतर मेघनाच्या वर्गात घालू. मेघना त्यांची सून. बी.एड. झालेली. तिचाही वर्ग ऑनलाइन, त्याच वेळेला, दहा वाजता. सात मुलं आहेत. कार्टून दाखवते म्हणे.
मी चौथी पास, हॉस्पिटलात आया. पण एकवीस वर्षं पोरांकडून बायबलातली सुवर्णवचनं घोकून घेतलीत. माझी पोरं कुठे जात नाहीत.
चौदा हजर. फोन डब्याला टेकवला होता, दोनदा पडला. बाकी छान.

८ सप्टेंबर
बाहेर गणपतीचे ढोल, फोनमध्ये चौदा पोरांचा कालवा. मनू मध्येच विचारते, टीचर, नोहाच्या तारवात मुंग्या पण दोनच होत्या का? आता हे मला काय माहीत! ओरडले.
शेजारच्या सुचित्राला बोलावलं. तिने सगळ्यांचा आवाज एकदम बंद करायचं बटन दाखवलं. दाबलं. काय शांतता! हे बटन आधी मिळतं तर माझा घसा वाचला असता. सुचित्रा म्हणाली, अगं, मग ती बोलणार कशी? म्हटलं, बोलायचंय कशाला, शिकायला आलीत ना?

१५ सप्टेंबर
प्रिती धडा चालू असताना पोहे खात होती. म्हटलं, गुरासारखी चरतेस काय? खायचं तर कॅमेरा बंद कर, मला नको दाखवूस. तिचा चेहरा गेला. रडली असेल. रडू दे. तिच्या आईला, शांतालाही मीच शिकवलंय, ती काय कमी रडली? आज नाव काढते माझं.

२९ सप्टेंबर
सगळ्यांचे कॅमेरे बंद. चौदा काळे चौकोन, त्यात पांढरी नावं. चेहरे नाहीत तेच बरं, माझं लक्ष धड्यावर राहतं. सुचित्रा डोकावून म्हणाली, आत कोणी आहे का तरी बघ. म्हटलं, नाव दिसतंय ना? तू आपली भाजी बघ.
कुणी एक प्रश्न विचारला नाही. म्हणजे सगळ्यांना समजलं.

१३ ऑक्टोबर
शेवटची प्रार्थना डोळे मिटून केली. एकेका मुलाचं नाव घेतलं. मग त्यांच्या परीक्षा, मग नव्या टॉवरचं काम लवकर व्हावं, मग बिल्डरला सद्बुद्धी. डोळे उघडले तर मीटिंग संपलेली. फुकटात चाळीसच मिनिटं देतात म्हणे. किती वेळ मी एकटीच बोलत होते कोण जाणे.
पुढच्या वेळी बिल्डर वगळायचा.

२७ ऑक्टोबर
ठरवलं: ओरडायचं नाही. सुचित्राने सांगितलं म्हणून नाही, माझं मीच ठरवलं. दुसरं, दर रविवारी आवाज उघडून मुलांकडून गाणं म्हणून घ्यायचं.
ओरडले नाही. कुणावर ओरडणार, इतकी शहाणी झालीत. गाणं राहिलं. धडा मोठा होता.
हजेरी चौदा. मेघनाकडे एकवीस झाली म्हणे. कुठून जमवते कोण जाणे. कार्टूनला काय, कुणीही येतं.

१७ नोव्हेंबर
चर्च सुटल्यावर पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, पुढच्या रविवारी माझ्या वर्गात या, सुवर्णवचनं ऐका. ते कसनुसं हसले. म्हणाले, बेबीबाई, तुम्ही दमला असाल, दिलात वर्ग मेघनाकडे तर? म्हटलं, अडीच महिन्यांत माझं एक मूल गेलं नाही. ते चष्मा पुसत बसले. धूळ बसली असेल, दुसरं काय.

२४ नोव्हेंबर
नाताळची साडी आजच काढली. पाळकसाहेब वेळेवर आले. हजेरी चौदा.
मनूला म्हटलं, आवाज उघड, वचन म्हण. नाही. राजसला म्हटलं. नाही. आणखी तिघांना. विरारला नेट खराब असतं, हे मी साहेबांना सांगितलं.
मग प्रिती. आवाज उघडला! आधी कुकरची शिट्टी. मागोमाग शांता कुणावर तरी खेकसली, त्या फोनला हात लावू नका, बेबीटीचरचा वर्ग लावलाय त्याच्यावर. पोरगी आत मेघनाच्या वर्गात बसलीय. अहो, सगळ्यांनीच तसं ठरवलंय, नुसतं लावून ठेवायचं. आपल्याला शिकवलंय त्यांनी, तोंडावर सांगणार कसं?
पुन्हा शिट्टी.
पाळकसाहेब म्हणाले, बेबीबाई, आपण प्रार्थना करू.
म्हटलं, अजून आठ मुलं राहिलीत. आणि पुढचं नाव घेतलं. आठही नावं घेतली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
शांताला फोन केला. चांगली झाडणार होते. तिने उचलला, म्हणाली, सलाम टीचर. विचारलं, डाळ शिजली होती का गं रविवारी? ती रडायलाच लागली. टीचर, पोर घाबरते तुम्हाला, म्हणाली. म्हटलं, ड्यूटी आहे, ठेवते.
ड्यूटी नव्हती.

२८ नोव्हेंबर
पाळकसाहेबांना कळवलं, फोनने डोळे दुखतात, वर्ग मेघनाकडे द्या. खरंच दुखतात. बरं म्हणाले. लगेच म्हणाले.

१ डिसेंबर, रविवार
दहा वाजता करणार काय? मेघनाच्या वर्गात गेले. नुसतं बघायला, ती काय चुका करते ते. कॅमेरा बंद, आवाज बंद. तिला माझं नाव दिसलं असणार. तिने वर्ग तसाच पुढे नेला.
मुलं एकेक करून वचन म्हणणार होती. म्हटलं, बघायला कशाला हवं, आपण आवाजावरून ओळखू. फोन पालथा घातला.
प्रिती ओळखली. मनू ओळखली. मग एक जाडा, घोगरा आवाज. म्हटलं, हा कुणाचा बाप मध्ये बोलतोय? फोन उलटून पाहिलं तर राजस. कधी फुटला याचा आवाज?
परत पालथा घातला. शेवटपर्यंत ऐकलं.
चौदातले पाच ओळखता आले.