स्क्रूड्रायव्हर कानामागे

ता. ६ जानेवारी

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी कॉलेजातली सायकल मी दुकानात जायला-यायला वापरतो, ती हल्ली आवाज करते असं तुझी आई म्हणते. मी कोपऱ्यावर वळलो की तिला आत कळतं आणि ती चहा टाकते, म्हणजे गैरसोय अशी काही नाही. पण परवा शेजारचे मास्तर दुकानात येऊन सांगून गेले, की सायकलला तेल तरी घाला, नाहीतर आम्हाला कापूस तरी द्या. म्हणून रविवारी साखळी, दोन्ही चाकं, ब्रेक, सीटच्या स्प्रिंगा, सगळ्याला तेल दिलं. शिल्लक होतं ते स्टँडला दिलं. आई म्हणते, फरक शून्य.

लहानपणी तू फूटपट्टी घेऊन घरभर मोजत फिरायचीस, हल्ली कारखान्यात पंख्यांचे आवाज पकडतेस आणि त्याचा पगार घेतेस. आता घरच्या सायकलचा आवाज पत्राने पकडून दाखव.

दुकान बरं चाललंय. काल एका गृहस्थांना तक्त्यावरची तिसरी ओळ वाचता येईना, तर म्हणाले, तुमचा तक्ताच पुसट छापलाय. चष्मा लागला हे कबूल करायला लोक इतका वेळ का लावतात, देव जाणे.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझे बाबा


ता. १४ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सगळीकडे एकदम तेल द्यायला नको होतं. आवाज गेला असता तरी कशाने गेला ते कळलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. चाकाच्या कडेला तेल लागलं असेल तर ते आधी पुसा. आवाजापेक्षा ब्रेक महत्त्वाचा.

मग एवढं बघा. पेडल थांबवून सायकल नुसती सोडली तर आवाज येतो का? पेडल मारतानाच येत असेल तर पेडलच्या फेऱ्याला एकदा येतो की चाकाच्या? सीटवरून उठून मारलं तर थांबतो का? आणि तो ‘कुंई’ आहे, ‘खर्र’ आहे की ‘कट्’?

हे फोनवर दोन मिनिटांत झालं असतं. पण फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणता आणि आईकडे देता. मी ही नोकरी धरून इतक्या लांब आले तेव्हापासून हे असंच आहे. तक्रार नाही, नोंद आहे.

आईला नमस्कार. लोभ कमी झाला नसेल असं धरून चालते.

तुमची मुलगी


ता. २२ जानेवारी

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

तेल पुसलं. आई फाटकाशी उभी राहिली आणि मी समोरच्या गल्लीत घिरट्या घातल्या. शेजारच्यांनी खिडक्या उघडून बघितलं. आई म्हणते, नुसती सोडली की आवाज नाही. आई म्हणते, पेडलच्या फेऱ्याला एकदा, उजवा पाय खाली जाताना. सीटवरून उठलो तरी येतोच, असं आई म्हणते. ‘कट्’ आहे. तिने तोंडाने काढूनही दाखवला.

फोनचं म्हणशील तर मला पत्रच बरं पडतं. पत्रातलं पुन्हा वाचता येतं. तुझ्या नोकरीचा त्याच्याशी काय संबंध?

तुझे बाबा

ता. क. मी आई. यांना तू तरी सांग. परवा दूधवाला मागून घंटा वाजवून थकला आणि शेवटी नको ते बोलला. हे म्हणतात, मी विचारात होतो. हल्ली घरातही विचारातच असतात, तीनदा हाक मारावी तेव्हा मान वर होते. असंच चाललं तर सायकल विकून टाकीन असं मी स्पष्ट सांगितलंय. तेव्हापासून घुम्यासारखे बसलेत.


ता. ३० जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

निरीक्षण चांगलं आहे, पण ते सगळं आईचं आहे. मला तुमच्या कानाने ऐकलेलं हवं.

दोष बहुतेक पेडलच्या आसाजवळ आहे. सायकल भिंतीला टेकवा. आईला दोन्ही ब्रेक दाबून धरायला सांगा आणि उजव्या पेडलवर पायाने दाब द्यायला सांगा. तुम्ही खाली बसा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आसाजवळच्या लोखंडावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडावर घट्ट दाबा. कानात घालायची नाही, हाडावर. एकेका जागी टोक ठेवून ऐका. जिथे ‘कट्’ सगळ्यांत जवळचा वाटेल तिथे दोष. आम्हीही यंत्र महाग म्हणून कधीकधी असंच करतो.

आईने चप्पल काढू नये.

तुमची मुलगी


ता. ७ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

सापडला. उजव्या पेडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी ती बोटाएवढी पिन झिजली आहे. टोक तिथे नेलं आणि आईने पाय दिला, तर डोक्यातच कोणीतरी अक्रोड फोडावा तसा ‘कट्’. मी दचकून मागे बसलो. आई पोट धरून हसत होती. तेही दिसलं.

मग मला राहवेना. स्क्रूड्रायव्हर शिलाई मशीनला लावला, आईला चाक फिरवायला लावलं. फ्रिजला लावला. दुकानात नेऊन भिंतीवरच्या घड्याळाला लावला. ते घड्याळ टकटकतं हे मी विसरूनच गेलो होतो. मला वाटत होतं, जुनं झालं म्हणून गप्प झालं. नळातून पाणी येण्याआधी पाइपात कसला गमतीचा घोगरा आवाज होतो, तुला ठाऊक आहे? संध्याकाळी आईला म्हटलं, कपाळाला टोक लावतो, जरा गुणगुण. ती म्हणाली, स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्याजवळ यायचं नाही.

फार दिवसांनी मजा आली. लोभ वाढता असू दे.

तुझे बाबा


ता. १२ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. जे दिसतं ते लिहिते.

हवेतून आलेला आवाज तुम्हाला कमी ऐकू येतो. हाडातून गेलेला नीट येतो. म्हणजे आतली ऐकण्याची नस बहुधा शाबूत आहे आणि अडचण वाटेत, पडद्याच्या मागेपुढे कुठेतरी आहे. मी डॉक्टर नाही. पण वाटेतला दोष असेल तर त्यावर बरेचदा उपाय असतो. याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जा, स्क्रूड्रायव्हरची गोष्ट जशीच्या तशी सांगा. तोवर सायकल हातात धरून चाला. आई, तू सायकल विकू नकोस.

फोन तुम्ही रागाने आईकडे देत नव्हता. मी तसं धरून चालले होते. माझं गृहीतक चुकलं आणि ते मी एकदाही तपासलं नाही. एरवी अशी चूक मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

तक्ता पुसट छापलेला नाही, बाबा. हे तुम्ही रोज दुकानात लोकांना किती हळुवारपणे सांगता, ते मी लहानपणी काउंटरमागे बसून बघितलंय. मला तसं जमत नाही, म्हणून सरळ लिहिलं.

तुमची


ता. ३ मार्च

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा आधी राग आला. मग मी ते आईला वाचायला दिलं आणि चष्म्याच्या काचा पुसत बसलो.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत. त्यांनीही चिमट्यासारखा एक नादकाटा वाजवून कानामागच्या हाडावर टेकवला. मी म्हटलं, हे आमच्याकडे घरी झालंय. कानात तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान एक हाड असतं, ते घट्ट बसलंय, हलत नाही. तेल देऊन भागणार नाही असं मीच त्यांना सांगितलं, त्या हसल्या. पुढे शस्त्रक्रियेचं बघू म्हणतात. तूर्त कानात यंत्र आहे. आई ताटं किती जोरात आपटते हे मला नव्याने कळलं आणि मी ते तिला सांगितलं. सांगायला नको होतं.

एवढी वर्षं का बोललो नाही, असं आईने विचारलं. तिला जे सांगितलं तेच तुला लिहितो. कान गेले म्हटल्यावर सायकल जाईल, मग दुकान जाईल, मग लोक मला हाताला धरून रस्ता ओलांडून देतील, असं वाटत होतं.

पिन बदलली. हँडलला आरसा लावला. सायकल आता इतकी गुपचूप येते, की आईला चहा कधी टाकावा ते कळत नाही. म्हणून कोपऱ्यावर मी घंटा वाजवतो. फार कर्कश आहे, मला माहीतच नव्हतं.

रविवारी सकाळी फोन कर. मीच घेईन. आईला बोलायचं असेल तर तिला माझ्याकडे मागावा लागेल.

लोभ असू दे. आता तो हळू आवाजात सांगितलास तरी पोचेल.

तुझे बाबा